बंदूक, दुर्बीण आणि गळ

पक्ष्यांची शिकार आणि 'फ्लाय फिशिंग', म्हणजे पिसे व दोरे बांधून केलेली कृत्रिम माशी गळाला लावून केलेली मासेमारी, हे दोन छंद युरोप-अमेरिकेत फार पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एका हंगामात बंदूक आणि दुसऱ्यात काठी अशी तेथील शौकिनांची वाटणी असते आणि दोहोंपैकी अधिक रमवणारा कोणता यावर त्यांचा वाद कधी संपत नाही. कोल्हापुरात राहणाऱ्या आणि सुट्टीचा दिवस माळावर, घाटात किंवा पाण्याकाठी घालवू पाहणाऱ्या वाचकापुढे हा वाद जसाच्या तसा मांडता येत नाही, कारण येथे त्यातला एक पक्ष कायद्याने बाद झालेला आहे आणि दुसऱ्याला येथील पाणी, हवा व मासे यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. तरीही प्रश्न निरर्थक ठरत नाही. शिकारीच्या ओढीत नेमबाजी, माग काढणे, पाखराची ओळख पटवणे, रानात पायी हिंडणे आणि शेवटी ताटातली चव असे अनेक धागे गुंतलेले असतात; त्यांतला आपल्याला ओढणारा धागा कोणता हे ज्याला उमगते त्याला छंद निवडणे अवघड जात नाही. ही निवड करताना फ्लाय फिशिंग म्हणजे शिकारीचा सोज्ज्वळ पर्याय, या समजुतीला मात्र फारसे महत्त्व देऊ नये.

प्रथम कायद्याचा विचार करणे इष्ट, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये लागू झाला तेव्हा त्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती आणि लहान शिकारीसाठी, म्हणजे ज्यात तित्तर, लावे, बदके अशी पाखरे येतात त्या शिकारीसाठी, वेगळा परवाना मिळू शकत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवानापद्धतीच मोडीत काढली आणि शौकाखातर शिकार करण्याचा मार्ग संपला. उपद्रवी प्राण्यांची एक स्वतंत्र यादी पुढेही राहिली होती व तिच्यात कावळ्याचाही समावेश होता, परंतु १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ती अनुसूचीही रद्द केली. कायद्यातील 'शिकार' या संज्ञेत जीव घेण्याखेरीज पकडणे, फासे लावणे, जखमी करणे, या सर्वांचा प्रयत्न करणे, इतकेच नव्हे तर पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना हानी पोहोचवणे किंवा त्यांना त्रास देणे हेही येते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. छऱ्याची साधी बंदूक परवान्याविना विकत मिळते, म्हणून तिने होला टिपणेही चालते, असा समज खेडोपाडी आढळतो. बंदुकीला परवाना लागतो की नाही हा शस्त्रकायद्याचा प्रश्न असून पाखरू मारता येते की नाही हा वन्यजीव कायद्याचा प्रश्न आहे, आणि पहिल्याच्या उत्तराने दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही.

हा मोह कोल्हापुरात विशेष जुना आहे, याला इतिहास कारण आहे. संस्थानी काळात शिकार हा दरबाराच्या जीवनक्रमाचा भाग होता. माणसाळवलेल्या चित्त्यांना काळविटांवर सोडण्याचा खेळ येथे विसाव्या शतकातही टिकून होता आणि त्यासाठी चित्ते सांभाळणारे चित्तेवान पदरी ठेवलेले असत. दाजीपूरचे जंगल हे छत्रपतींचे राखीव शिकाररान होते. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९५८ मध्ये याच दाजीपुरात गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले, १९८५ मध्ये ते विस्तारून राधानगरी अभयारण्य या नावाने ओळखले जाऊ लागले आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा महाराष्ट्रातील कास, कोयना व चांदोली यांच्यासह राधानगरीचाही त्यात समावेश झाला. न्यू पॅलेसमधील संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेले प्राणी पाहताना हा बदल ध्यानात घेतला, तर अवघ्या काही दशकांत समाजाची नजर किती पालटली हे कळते. एक विसंगतीही येथे नमूद केली पाहिजे. तित्तर व लावे फाशात धरणे हे फासेपारधी समाजाचे पोट होते, तर बंदुकीची शिकार हा सुखवस्तूंचा शौक होता. कायद्याने दोहोंना एकाच मापाने मोजले, आणि ज्यांचा केवळ शौक गेला त्यांच्यापेक्षा ज्यांची भाकरी गेली त्यांना त्याची किंमत कितीतरी अधिक मोजावी लागली.

शिकारीतील धाग्यांपैकी ताटातल्या चवीचा धागा लवकर सोडवता येतो. लाव्याच्या मांसाची आवड असणाऱ्याला व्यापारी तत्त्वावर पाळल्या जाणाऱ्या जपानी लाव्यांवर ती भागवता येते, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या गावात रानपाखरावाचून जेवण अळणी लागते अशी तक्रार कोणी गांभीर्याने करील असे वाटत नाही.

नेमबाजीचा धागा ज्याला ओढतो त्याच्यासाठी तर कोल्हापूरइतके अनुकूल गाव महाराष्ट्रात शोधून सापडणे कठीण. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. श्वास, चापावरील बोट आणि नजर यांचा जो मेळ त्यासाठी साधावा लागतो त्याच्यापुढे झाडावर बसलेल्या होल्यावर नेम धरणे हे कसब म्हणून फार खालच्या पायरीवरचे ठरते. उडत्या पाखरावर बार टाकण्याची ज्याला हौस आहे त्याच्यासाठी ट्रॅप व स्कीट हे प्रकार आहेत, ज्यांत यंत्राने हवेत फेकलेल्या सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाच्या ठिसूळ तबकड्या शॉटगनने फोडायच्या असतात. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच खेळासाठी जिवंत कबुतरे सोडण्यात आली होती व त्यांतील शेकडो मारली गेली. ती पद्धत पुन्हा स्वीकारली गेली नाही आणि तबकडीने खेळाचे काहीही नुकसान केले नाही. शॉटगनच्या रेंज मोजक्याच शहरांत असतात आणि हा प्रकार खर्चीकही आहे, म्हणून नवशिक्याने आधी एअर रायफलचा प्रशिक्षणवर्ग गाठावा, स्वतःचे शस्त्र घेण्याची घाई करू नये आणि निदान काही महिने क्लबच्या बंदुकीवरच हात बसवावा.

उरतात ते माग, ओळख आणि भटकंती हे तीन धागे, आणि शिकारीचा खरा गाभा यांतच आहे. जुने शिकारी ज्याला रान वाचणे म्हणत त्यात वाऱ्याची दिशा, पाणवठ्याच्या वेळा, पायाखालचा पाचोळा आणि दूरच्या हाकेचा अर्थ हे सारे येत असे. बार टाकणे हा त्या दीर्घ क्रियेचा केवळ अखेरचा क्षण होता. पक्षिनिरीक्षणात तो क्षण वगळला तर बाकी सारे जसेच्या तसे उरते. भारतीय पक्षिशास्त्राची वाटही अशीच वळलेली आहे. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ साली झाली तेव्हा तिच्या भोवती शिकारीची आवड असलेल्यांची मोठी गर्दी होती. १९०८ च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, पिवळ्या गळ्याची एक अनोळखी चिमणी घेऊन बालवयातले सालिम अली याच संस्थेत तिचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले आणि तेथून त्यांचे आयुष्य पाखरांशी बांधले गेले. शास्त्रीय संग्रहासाठी पक्षी टिपण्याचे काम त्यांनी पुढेही केले, त्यामुळे त्यांना भाबडे प्राणिप्रेमी मानणे बरोबर नाही. परंतु १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथामुळे बंदुकीवाचून पाखरू ओळखण्याची सोय सामान्य माणसाला झाली. मराठीत हेच काम वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी आपल्या लेखनातून व पक्षिकोशातून केले, आणि चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर व सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर हे दोन जन्मदिवस जोडून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. नवशिक्याने सुरुवातीसाठी हाच आठवडा धरावा, कारण या काळात जागोजागी जाणत्यांच्या सोबतीने फेऱ्या निघतात आणि थंडीचे पाहुणे पक्षीही येऊ लागलेले असतात.

साधन म्हणून एकच गोष्ट विचारपूर्वक घ्यावी लागते, ती म्हणजे दुर्बीण. तिच्यावर ८×४२ असे जे आकडे असतात त्यांतील पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दाजीपूरसारख्या दाट झाडीत, अंधुक उजेडात अधिक प्रकाश आत घेणारे मोठे भिंग उपयोगी पडते, तर दहा-बारा पटींहून अधिक मोठेपणा हाताच्या कंपाने उलट त्रासदायक होतो. ८×४२ ही जोडी म्हणूनच सर्वत्र शिफारशीला पात्र ठरली आहे. कॅमेरा पहिल्या वर्षी घेऊ नये. छायाचित्राच्या मागे लागलेला माणूस पाखरू न्याहाळण्याऐवजी त्याच्या अंगावर धावून जाऊ लागतो, घरट्यापाशी ठाण मांडतो किंवा भ्रमणध्वनीवरून त्याच्याच जातीचा आवाज वाजवून त्याला उघड्यावर आणतो. घरट्याशी केलेला असा खेळ कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारीच्या सदरात जाऊ शकतो याचे भान अनेकांना नसते.

कोल्हापूरकराला पक्षिनिरीक्षणासाठी लांब जाण्याचेही कारण नाही. रंकाळ्याच्या काठावर पहाटे फिरायला येणारे शेकडो लोक ज्या काळ्या, कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्यांकडे बदके म्हणून पाहतात ते वारकरी होत आणि ते बदकांच्या कुळातले नाहीत. चोचीच्या बुडाशी तांबडा व टोकाला पिवळा ठिपका असणारे हळदी-कुंकू बदक मात्र खरे बदक असून ते बाराही महिने येथेच राहते. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारी थापट्या आणि तलवार बदकासारखी पाहुणी पाखरे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कळंबा व इतर तलावांवर शोधावीत; जेथे जलपर्णी माजलेली असते तेथे उघड्या पाण्यावर उतरणारी बदके टिकत नाहीत, उलट जांभळ्या पाणकोंबडीला तीच दाटी मानवते, म्हणून पाण्याचा चेहरा पाहूनच काय दिसेल याचा अंदाज बांधायला शिकावे. शिवाजी विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात माळ, झाडी व पाणी तिन्ही जवळजवळ असल्याने नवशिक्याला तेथे थोड्या चालीत पुष्कळ जाती भेटतात. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार हे चंडोल व शिकारी पक्षी पाहण्याचे ठिकाण आहे. ऊसतोडीच्या दिवसांत फडाकडे दुर्लक्ष करू नये, कारण कोयत्याच्या पुढे उडणाऱ्या किड्यांवर बगळे, कोतवाल व घारी असे तुटून पडतात की कोण कसे भक्ष्य टिपतो याचा अभ्यास बांधावर बसून करता येतो. राधानगरीच्या जंगलात धनेशाच्या पंखांचा घोंघाट आणि पहाटेच्या वेळी माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर ही खरी मिळकत. तेथे गव्यांपासून पुरेसे अंतर ठेवणे, वनखात्याचा वाटाड्या सोबत घेणे आणि ठरलेली पायवाट न सोडणे ही पथ्ये पाळावी लागतात.

आता मासेमारी. फ्लाय फिशिंगचे तंत्र साध्या गळाहून मुळातच वेगळे आहे आणि तो फरक ध्यानात घेतल्याशिवाय साहित्य विकत घेणे व्यर्थ ठरते. पंचगंगेच्या घाटावर गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावून जो गळ टाकतात त्यात शिशाचे वजन पुढे जाते व दोरीला ओढत नेते. फ्लाय फिशिंगमधील कृत्रिम माशीला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून दोरीलाच वजन दिलेले असते आणि लवचीक काठीच्या झोताने ती जाड दोरी हवेत उलगडत नेऊन तिच्या टोकाच्या पारदर्शक, निमुळत्या तंगूसासह माशी पाण्यावर अलगद ठेवायची असते. या दोऱ्यांना वजनानुसार क्रमांक असतात: पाच क्रमांकाच्या दोरीचे पहिले तीस फूट सुमारे नऊ ग्रॅम भरतात, आठ क्रमांकाचे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, आणि काठीही त्याच क्रमांकाची घ्यावी लागते. लहान माशांसाठी पाच आणि मरळीसारख्या जोरकस माशासाठी सात वा आठ क्रमांक योग्य होय. पहिले काही आठवडे पाण्यावर जाऊच नये. मोकळ्या मैदानात गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करावा. मागे फेकलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबणे हे या विद्येचे मर्म असून घाई करणाऱ्याच्या हाती चाबकासारखा फटकारा व तुटलेला तंगूस एवढेच येते.

या छंदावरील बहुतेक पुस्तके थंड पाण्यातील ट्राउट माशाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. ब्रिटिशांनी ट्राउट आणून सोडला तो काश्मीर, निलगिरी अशा उंच व थंड प्रदेशांत. कृष्णेच्या खोऱ्यातील कोमट पाण्यात तो जगत नाही. म्हणून येथील पाण्यात काय आहे हे पाहूनच माशी निवडावी लागते. गढूळ नसलेल्या, पाणवनस्पती असलेल्या कडेला मरळ बेडकासारख्या दिसणाऱ्या तरंगत्या माशीवर झेप घेते. मात्र पावसाळ्यात आपल्या तांबूस पिलांच्या थव्याची राखण करणाऱ्या मरळीवर गळ टाकणे म्हणजे सारा थवा इतर माशांच्या तोंडी देणे आहे. चिलापी हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला व सर्वत्र पसरला. नवशिक्याच्या हातासाठी तो उत्तम, आणि पकडून सोडून देण्याचा जो नियम या छंदात पवित्र मानला जातो तो चिलापीला लावण्याचे कारण नाही. स्थानिक माशांच्या जागा बळकावणारा हा मासा, पाणी स्वच्छ असेल तर, खुशाल घरी न्यावा. याच्या अगदी उलट वागणूक खडस या माशाला द्यावी. महसीर कुळातील या दख्खनी माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले. धरणांनी व प्रदूषणाने तो अनेक नद्यांतून हटला आणि लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास करून पिले नद्या-तलावांत सोडली गेली. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत हे मासे देवाचे मानून गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. घाटाखालच्या प्रवाहात खडस गळाला लागलाच तर तो पाण्याबाहेर न काढता सोडावा. त्यासाठी गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून ठेवावा, हात ओले करून मगच माशाला स्पर्श करावा आणि तो स्वतःहून पोहू लागेपर्यंत त्याचे तोंड प्रवाहाकडे धरावे. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेव्हा दमवून सोडलेला मासा बहुधा नंतर मरतो, म्हणून त्या काळात पहाटेखेरीज गळ टाकू नये.

येथे एक जुना धागा पुन्हा भेटतो. फ्लाय फिशिंगच्या अभिजात माश्या ज्या पिसांनी बांधल्या जात त्यांत राखी रानकोंबड्याच्या मानेवरील, मेणासारखे चकाकणारे ठिपके असलेल्या पिसांना मोठा मान होता, आणि हा रानकोंबडा दक्षिण व पश्चिम भारताखेरीज जगात अन्यत्र आढळत नाही. राधानगरीच्या वाटेवर भल्या सकाळी तोच आरवतो. ब्रिटनमधील नद्यांवर सामन मासा धरण्यासाठी भारतातील रानांत कोंबडे मारले जात होते. भारतातून या पिसांची निर्यात बंद झाल्यावर तेथे पिसांसाठी हे पक्षी पाळून वाढवण्यात येऊ लागले. माश्या स्वतः बांधण्याची आवड लागलेल्याने म्हणून घरच्या कोंबड्याची पिसे, लोकर व रेशीम यांवर भागवावे, आणि रानात सापडलेले पीस उचलून आणण्याचा मोहही टाळावा.

मासेमारी कायद्याने सरसकट निषिद्ध नसली तरी ती मोकाटही नाही. जलाशयांतील मासे धरण्याचे हक्क पुष्कळ ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. ठेका असलेल्या तळ्यात विनापरवाना गळ टाकणे म्हणजे भोई व कोळी कुटुंबांनी पैसे भरून घेतलेल्या हक्कावर घाला घालणे होय, म्हणून संस्थेच्या कार्यालयात जाऊन लेखी परवानगी घ्यावी. अभयारण्याच्या हद्दीतील पाण्यात गळ टाकता येत नाही आणि राधानगरी व काळम्मावाडी धरणांच्या पाणफुगवट्याचा मोठा भाग रानाला खेटून असल्याने हद्द कोठून कोठे हे वनखात्याकडून आधीच समजून घेणे शहाणपणाचे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमकुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जाती नोंदवली गेली व २०२१ मध्ये ते स्थळ जैवविविधता वारसा म्हणून घोषित झाले. अशा जागी पाण्यात हातही घालू नये. शहराखालच्या पंचगंगेत उन्हाळ्यात मासे मरून तरंगल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत, तेव्हा तेथील मासा खाण्याचा विचार सोडून द्यावा. कृष्णा व वारणेच्या पात्रात मगरींचा वावर आहे, त्यामुळे कमरेइतक्या पाण्यात उतरून काठी फिरवण्याची परदेशी पुस्तकांतील रीत येथे वर्ज्य समजावी.

यानंतरही ज्याला निवड करायची आहे त्याने स्वतःचा स्वभाव तपासावा. फ्लाय फिशिंग हे हाताचे काम आहे: एकच हालचाल हजारदा घोटणे, गाठी मारणे, दिवसभर एका प्रवाहाशी राहून रिकाम्या हाताने परतणे ज्याला जाचत नाही, त्याला ते लाभते. पक्षिनिरीक्षण हे डोळ्याचे, कानाचे व स्मरणशक्तीचे काम असून त्यात नोंदवहीचा कंटाळा असणाऱ्याची प्रगती लवकर खुंटते. पहिल्यात साहित्य मोठ्या शहरांतून वा ऑनलाइन मागवावे लागते व शिकवणारा क्वचित भेटतो. दुसऱ्यात दुर्बिणीपलीकडे खर्च नाही आणि बरोबर चालणारे जाणते भेटत राहतात. लहान मुले सोबत असतील तर गळाचे टोक, निसरडा काठ आणि हवेत फिरणारी दोरी यांच्यापेक्षा तळ्याकाठची फेरी केव्हाही बरी. एक नैतिक प्रश्नही वाचकाने स्वतःपाशी सोडवला पाहिजे. २००३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउटच्या तोंडाभोवती वेदनेला प्रतिसाद देणारे मज्जाग्र असल्याचे दाखवले; माशाला माणसासारखी वेदना होते का यावर मतभेद आहेत, पण केवळ करमणुकीसाठी त्याला गळाला लावून सोडून देणे हे, खाण्यासाठी धरण्यापेक्षा, अधिक निरागस आहे असे गृहीत धरण्याला आधार नाही. ही टोचणी ज्याला सहन होणार नाही त्याने काठी घेऊच नये. शिकारीची ओढ असणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत, त्यांनी पहिली दोन वर्षे दुर्बिणीला द्यावीत असे सुचवणे योग्य ठरेल. पाणी वाचायला शिकण्यासाठीही खंड्या, पाणकावळा आणि नदीसुरय यांच्याइतके चांगले गुरू नाहीत, कारण ते जेथे सूर मारतात तेथे मासे असतात, आणि दोन वर्षांनी काठी हाती घेतलीच तर ती कोठे टाकायची हे तोवर कळलेले असते.

वर्षाचा क्रम त्यानुसार आखता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तलावांचा आणि माळांचा काळ. मार्च ते मे या महिन्यांत जंगलातील पाखरे विणीच्या हंगामाच्या तयारीत असल्याने बोलकी होतात, पाणवठे आटल्यामुळे ठरावीक जागी येतात, आणि पावशाची हाक सुरू झाली की रोहिणी-मृगाची चाहूल लागते. गळ टाकणाऱ्याने या दिवसांत मुख्यतः ठेक्याच्या तळ्यांवर, सकाळच्या वेळात राहावे. पावसाला जोर आला की दाजीपूरचे जंगल पर्यटकांना बंद होते, बाहेरच्या वाटांवर जळवा सुटतात आणि विहिरीकाठच्या झाडांवर सुगरणी विणकाम सुरू करतात, तेव्हा पक्षिनिरीक्षकाने घराजवळचीच एखादी जागा धरून दर आठवड्याला नोंद घेणे सोयीचे. काठी मात्र जून ते सप्टेंबर गुंडाळून ठेवावी. पहिल्या पुरात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर सरकणारे चढणीचे मासे ओढ्या-ओहोळांत आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांखाली दाटीने अडकतात व नेमके तेव्हाच ते सर्वाधिक सहज हाती लागतात. शिवाय बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरत असल्याने त्यात पडलेला पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरताच आपोआप उघडून भोगावतीची पातळी वाढवतात. गणपती विसर्जनानंतर पाणी निवळू लागले, म्हणजे संस्थेची परवानगी नव्याने घेऊन पहिली फेक टाकायला हरकत नाही.